शकूवहिनींची सावड

आमच्या शेजारच्या शकूवहिनी लहानपणी चौथीत शाळा सोडून घरी बसल्या आणि लग्न होऊन, लेकुरवाळ्या होऊन मग सातवी पास झाल्या. हजेरीत नाव नव्हतं, एवढंच. लेक समीक्षा जन्मापासून जवळजवळ आंधळी. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. नवरा सुनील मुंबईला कामाला. म्हणून पहिलीपासून वहिनीच तिच्या शेजारी बाकावर. गुरुजी फळ्यावर लिहायचे, वहिनी लेकीच्या कानात वाचायच्या. त्रिकोण आला की पुठ्ठ्यावर खळीनं भाताच्या काड्या चिकटवायच्या आणि पोर बोटांनी कोपरे चाचपायची.

मी कुंपणावरून विचारायचो, "काय वहिनी, आज अंगठे धरायला लावले का नाय?"

"भावजी, तुमी सहावीतच मुक्काम टाकलात. माझा नंबर तुमच्या वर हाय."

खरंच होतं.

आठवीला समीक्षा पोलादपूरच्या हायस्कुलात गेली आणि घोटाळा झाला. तिथं महाडहून अनुपमा मॅडम येतात. अंध मुलांना ब्रेल शिकवणं आणि त्यांच्या शिक्षकांना चार गोष्टी सांगणं हे त्यांचं काम. त्यांनी सरांना सांगितलं, फळ्यावर लिहिताना मोठ्यानं म्हणत लिहा. मग वहिनींकडे वळल्या. "ताई, उद्यापासून तुम्ही वर्गात बसू नका. तुम्ही शेजारी असलात की बाकीच्या मुली तिच्याशी बोलतच नाहीत. तिला मैत्रीण कधी मिळायची?"

आणि त्या जागेवर बसवली कोण, तर आमच्याच वाडीतल्या हैबतीची स्नेहल.

घरात सवत आली असती तरी वहिनींचा एवढा जळफळाट झाला नसता. पोरींना सोडायच्या निमित्तानं त्या रोज शाळेत जायच्या आणि वर्गाच्या खिडकीखाली डबा मांडीवर घेऊन मधल्या सुट्टीपर्यंत बसायच्या. शिपाई हटकायचा, तर म्हणायच्या, "चप्पल तुटलीय, शिवत्येय." चप्पल महिनाभर तुटलेलीच होती.

एकदा स्नेहलनं समीक्षासाठी नकाशा केला. समुद्रकाठाला सुतळी, नद्यांना दोरा, सह्याद्रीला वालाचे दाणे. वहिनींनी तो घरी बोटांनी तपासला आणि मला हाक मारली.

"बघा भावजी! आंबेनळी घाट सपाट करून ठेवलाय पोरीनं. असल्या घाटानं एस्टी सरळ दरीत जाईल."

"मग तुमी चढवा की घाट."

त्यांनी खरंच खळ कालवून तिथं आणखी वाल चिकटवले. दुसऱ्या दिवशी समीक्षानं बोट फिरवलं मात्र, लगेच म्हणाली, "आये, ह्यो डोंगर काल नव्हता. तू कशाला हात लावलास?"

पण खरा घाव पुढचा. संध्याकाळी लेक आठवून आठवून हसत होती. वहिनींनी विचारलं, काय गो?

"स्नेहलनं सांगितलं, सरांच्या सदऱ्याची बटणं चुकली होती. एक बाजू वर, एक खाली. आख्खा तास तसेच शिकवत होते."

वहिनी माझ्याकडे आल्या, ओट्यावर बसल्या. "एवढी वर्सं मी फळा वाचला भावजी. पण माझ्या फळ्याला ती कधी हसली नाय."

मग त्यांनी डाव रचला. आमच्याकडे लावणीला सावड असते. आज तुम्ही आमच्या खाचरात, उद्या आम्ही तुमच्या. काम कामानं फिटतं. वहिनी म्हणाल्या, "त्या पोरीच्या फळ्याची सावड फेडून टाकत्ये. एकदा फिटली की तिचा माझ्या लेकीवर काय हक्क राहत नाय. मग मॅडमना सांगत्ये, माझी जागा मला द्या."

कुणी न बोलावता सकाळीच त्या हैबतीच्या खाचरात उतरल्या. दिवसभर वाकून दोघींचं काम एकटीनं ओढलं. मी बांधावरून जाताना थांबलोच. असला तमाशा कोण सोडतो? दिवस कलताना स्नेहलची आजी बनुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शकू, तू कशाला गो आलीस? आमचं तुझ्याकडं काय निघत नाय."

"तुमची स्नेहल फळा वाचते, त्याची सावड."

बनुबाई हसायलाच लागली. "ती कवाच फिटली! आमची पोर पाठांतराला धोंडा. तुझी समीक्षा धडा एकदा ऐकते आणि शाळेतनं येताना वाटभर हिच्याकडनं म्हणून घेते. पोरींची सावड पोरींत चाललीय. तू मधी कोण?"

वहिनींच्या हातातली रोपांची जुडी तशीच राहिली. लेकीनं यातलं अक्षर घरी सांगितलं नव्हतं.

"आता उलटं झालं," बनुबाई म्हणाली. "तुझी सावड आमच्यावर चढली. रविवारी आमी तुझ्याकडं."

रविवारी सगळे आले. सावड म्हणून मीही लेंगा खोचून उतरलो. समीक्षाला वहिनी दर वर्षी बांधावर बसवून ठेवायच्या, पाय घसरेल म्हणून. स्नेहलनं या बांधापासून त्या बांधापर्यंत सुतळी ताणली, समीक्षाचा हात तिच्यावर ठेवला आणि म्हणाली, "हिला धरून लाव, आणि मागं सरक."

आणि पोर लावायला लागली! वहिनी धावल्या, लेकीला खेटून उभ्या राहिल्या. "सरक गो स्नेहल, मी हाय."

समीक्षा मान वर न करता म्हणाली, "आये, तू ह्या बाजूला लाव. त्या बाजूला स्नेहल हाय."

वहिनी दुसऱ्या बाजूला गेल्या. स्नेहल काहीतरी कुजबुजली, समीक्षा खुदकन हसली. वहिनींनी ते पाहिलं, ओठ चावला, इकडंतिकडं नजर फिरवली. ती येऊन थांबली माझ्यावर.

"समे," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "तुझ्या काकांच्या लेंग्याची नाडी सुटून चिखलात लोळतेय. आणि त्यांचा पाय पडतोय बघ तिच्यावर, आत्ता पडतील!"

समीक्षा एवढी हसली की तिला सुतळी सोडून आईचा खांदा धरावा लागला.

नाडी सुटलेली नव्हती. पण ते बघायला मी खाली वाकलो आणि खरोखरच चिखलात बसलो.