दाजींनी आधी बघून ठेवलेली ठिकाणं

दाजी गेले त्या सकाळी मी शाळेत पहिल्या तासाची हजेरी घेत होतो. अक्काचा फोन आला. "चहा पिऊन आडवे झाले रे हे… कवाची हाक मारून राहिले, उठंनात." एवढंच बोलली. लातूरच्या ह्या टोकापासून त्या टोकाला पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत होतो, की रिटायर माणूस आहे, लागला असेल डोळा. घराबाहेर चपलांची गर्दी दिसली आणि समजावण्यासारखं काही उरलं नाही. ह्या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

दाजी म्हणजे माणिकराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी लातूर-नांदेडकडच्या रस्त्यांवर गेली. औसा, कंधार, उदगीर, देगलूर… किल्ल्यांच्या, देवळांच्या जवळून गाडी न्यायची आणि स्वतः मात्र कधी आत जायचं नाही. रिटायर झाल्यावर आठ दिवसांनी माझ्या घरी आले आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, औशाचा किल्ला बघायचाय. आतून." मला हसू आलं. ते हसले नाहीत. "लोकायला तिथं नेऊन सोडलं इतकी वर्षं. मी काचंतूनबी नीट बघितला न्हाई. रस्त्यावर ध्यान ठिवावं लागतंय न."

आम्ही एसटीनंच गेलो. प्रवासी म्हणून दाजी फार अवघड माणूस. पुढं म्हैस आडवी आली की यांचा पाय बसल्या जागी ब्रेक दाबायचा, शेजारच्याला लाथ लागायची, मग माफी. किल्ल्यात शिरल्यावर मात्र माझ्या पुढं झाले. तटाला हात लावत चालले होते. मध्येच विचारलं, "इथं शिपायायच्या बायका पाणी कुठून भरत असतील, मास्तर?" मला सांगता येईना. मी इतिहास शिकवतो. बुरूज, खंदक, तटबंदी हे शब्द फळ्यावर लिहून माझे केस पांढरे झाले, आणि घराजवळचा हा किल्ला मीही त्या दिवशी पहिल्यांदाच आतून बघत होतो… हे मी त्यांना सांगितलं. वाटलं, चिडवतील. तर म्हणाले, "मंग बरंच झालं की. दोघंबी नवे."

त्यानंतर कंधार झालं, माहूर झालं. घरी आले की ते अक्काला सगळं सांगत बसायचे. ती ऐकायची, पण खिडकीकडं बघत. न्हाणीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, वॉकर आणला. पण तिच्या मनात पडण्याची भीती बसली ती बसलीच. दीड वर्ष तिनं उंबरा ओलांडला नव्हता. सख्ख्या पुतणीच्या लग्नालासुद्धा गेली नाही. एकदा दाजी रंगात येऊन कंधारच्या खंदकाचं सांगत होते, तर मध्येच म्हणाली, "बास करा वो. मला कोण न्हेणाराय तिथं उचलून?" दाजींचा चेहरा उतरला.

दोन दिवसांनी ते एकटेच देगलूरजवळच्या होट्टल गावच्या जुन्या देवळाकडं जाऊन आले. देऊळ बघायला नव्हे, तिथवरची वाट बघायला. गाडी कुठवर जाते, जमीन सपाट आहे का, पायरी किती उंच, शेजारी कुणाच्या घरी बाईमाणसाला न्हाणीत जाऊ देतील का… एका घरच्या बाईंशी बोलूनही आले. मग अक्काच्या मागं लागले. ती रडली, भांडली, शेवटी तयार झाली. माझी गाडी होती, चालवायला अर्थात दाजी. इतकी हळू गाडी त्यांनी जन्मात चालवली नसेल.

होट्टलला देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर दगडात बायका कोरल्यात. अक्का वॉकर धरून पहिल्या मूर्तीपुढं थांबली. मग म्हणाली, "अवो, हिच्या कमरंची लचक बघा. अन् मला डॉक्टर म्हणतो, सरळ उभं ऱ्हावा!" आणि हसली. पुढची मूर्ती बघायला आपण होऊन निघाली. मी धरायला पुढं झालो तर दाजींनी माझा शर्ट मागून ओढला. "ऱ्हाऊ द्या. चालून राहिलीय." देवळाला अर्धा वळसा घालून ती भिंतीआड दिसेनाशी झाली, तेव्हा मी दाजींकडं पाहिलं. ते टोपीनं तोंड पुसत होते.

मागच्या रविवारी अक्का म्हणाली, "उदगीरचा किल्ला ऱ्हायलाय. ह्यांनी न्हेतो म्हणले होते." मी गाडी काढली, नेलं. दरवाजाबाहेर चहाची गाडी लावणाऱ्या एक बाई वॉकर बघून उठूनच उभ्या राहिल्या. "वॉकरवाल्या ताई तुमीच का? लई दिवस लावलेत की. एक बाबा येऊन सांगून गेले होते… आमच्या घरच्या येणार हायत, आत गेल्यावर दम लागंल, तवा जरा तुमची खुर्ची द्या म्हणले." मग आमच्या मागं बघत त्यांनी विचारलं, "ते न्हाई आले?"

मी काही बोलणार होतो. अक्काच म्हणाली, "येऊन गेले न ते. बघून गेले."

बाईंना काय समजायचं ते समजलं. त्यांनी चहाचं पातेलं खाली उतरवलं, प्लास्टिकची लाल खुर्ची डोक्यावर घेतली आणि दरवाजातून पुढं चालू लागल्या. अक्का त्यांच्या मागं. आत सावलीला खुर्ची मांडली, अक्का बसली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून तटाकडं बघत राहिली. उठताना म्हणाली, "आता खरोशाची लेणी. तू आधी एकटा जाऊन ये. चढ किती हाय, बसायला कुठं हाय, समदं नीट बघ."

येत्या रविवारी मी जाऊन येणार आहे.