ताटातला घास

सणसरला नांदायला आले तेव्हा घरात मामंजी, आत्याबाई, एक नणंद, धाकटे दीर, माझे यजमान आणि एक तांबडा कुत्रा होता. अंगानं दांडगा, उसाच्या राखणीला पक्का. पण घरात त्याला कसलंच वळण नव्हतं. जेवणं सुरू झाली की तो थेट चुलीपर्यंत येई आणि कुणाचं लक्ष चुकलं की टोपलीतली भाकरी पळवी.

एकदा नणंदेला बघायला निमगाव केतकीची माणसं आली. पाट मांडले, पोळ्या वाढल्या, आणि मुलाच्या चुलत्यांनी पहिला घास घ्यायच्या आत कुत्र्यानं त्यांच्या ताटातली पुरणपोळी उचलली. पाहुणे तोंडावर हसले, पण दुसरं ताट काही त्यांनी घेतलं नाही. ते गेल्यावर दिरांनी आसूड काढून कुत्र्याला अंगणात झोडपलं. तो जमिनीला चिकटून पडून राहिला, उलटून गुरगुरलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी पुन्हा चुलीशी हजर.

आत्याबाई म्हणाल्या, आता बाजारच्या दिवशी याला गाडीत घालून इंदापुराकडं सोडून या. मी त्यांच्याकडं महिनाभराची मुदत मागितली. माझं माहेर वडगाव निंबाळकरचं. तिथं वडिलांनी कुत्र्यांना मारल्याशिवाय शिकवलेलं मी पाहिलं होतं. शिवाय सासरी येऊन मी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. ती मला सोडायची नव्हती.

सकाळी ताकात कुस्करलेली भाकरी फुटक्या परातीत घालून मी गोठ्याशी जाई. तो खाली बसेपर्यंत परात वरच धरायची. बसला की ठेवायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी आडवी उभी राही आणि तो आला की गुडघ्यानं मागं सारी. दिवसातून किती वेळा, त्याला गणती नव्हती. आठ-दहा दिवसांत तो गोठ्याशी नीट बसू लागला. पण माणसं जेवायला बसली की मला चुकवून आत येई आणि मामंजींच्या डाव्या बाजूला उभा राही.

मग एके दुपारी मी दाराआडून पाहिलं. मामंजी बोलता बोलता भाकरीचा तुकडा मोडत आणि न बघताच डावीकडं टाकत. प्रत्येक जेवणाला.

त्या काळी सून सासऱ्यासमोर बोलत नसे. मी आत्याबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत त्यांनी माझं ऐकलं नाही, तुझं काय ऐकतील. यजमान म्हणाले, सोडून दे. मी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी वाढायला मीच गेले. मामंजींचा हात डावीकडं वळला. मी पदर पुढं ओढला.

"मामंजी, त्याला ताटातलं नका देऊ. त्यो माराला भीत न्हाय, तुमच्या हाताकडं बगत बसतुया."

दिरांचा घास हातातच राहिला. मामंजी माझ्याकडं न बघता आत्याबाईंना म्हणाले, "काय म्हनती ही?"

"ऐकलं की तुमी," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी हातातला तुकडा स्वतःच खाल्ला. कुत्रा कुंईकुंई करू लागला. मी त्याला मानेला धरून उंबऱ्याबाहेर नेलं, तो परत आला, पुन्हा नेलं. ते जेवण संपेपर्यंत मी भाकरी कमी वाढल्या आणि फेऱ्याच जास्त घातल्या. पुढचे कितीतरी दिवस मामंजींचा हात अर्ध्यावर जाई आणि थांबे. कुत्र्यापेक्षा त्यांनाच ते जड गेलं असावं.

एका संध्याकाळी ते गोठ्याशी आले आणि पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले.

"मग म्या त्याला द्यायचं तरी कवा?"

मी परात त्यांच्या हातात दिली. तो बसल्याशिवाय खाली ठेवू नका, एवढंच सांगितलं. त्यांनी परात धरली. कुत्रा उड्या मारू लागला, पण मामंजी हलले नाहीत. पुढं तर ते माझ्याहून कडक झाले. तो नीट बसला नाही तर परात घेऊन सरळ घरात निघून येत.

महिना सरला. इंदापूरचं नाव कुणी काढलं नाही. कुत्रा जेवणाच्या वेळी उंबऱ्याबाहेर पाय पसरून पडू लागला. कोंबड्यांमागं धावणं मात्र त्यानं कधीच सोडलं नाही, आणि मीही मग तिथं हात टेकले. मामंजी पुढं मळ्यातल्या वांग्या-मिरच्यांची तोड कधी करायची, हेही मला विचारू लागले. मी सांगत असे. पदर डोक्यावरच असे, पण आवाज आता चाचरत नव्हता.