आमच्या अध्यक्षांचं मंत्रिमंडळ

सिटीवेस्ट ह्या आयरिश उपनगरात राहायला आलेला मराठी माणूस फार दिवस मंत्रिपदावाचून राहूच शकत नाही, अशी एके काळी परिस्थिती होती आणि तिला संपूर्णपणे जबाबदार होते आमचे अध्यक्ष. देशोदेशीचे अध्यक्ष मंत्रिमंडळ नेमताना माणसाचा अनुभव बघतात, वजन बघतात, गेलाबाजार नातं तरी बघतात. आमचे अध्यक्ष एवढंच बघायचे, की माणूस रिकामा बसलाय का. मराठी मंडळाचे ते अध्यक्ष कसे झाले हे आता कुणालाच सांगता येत नाही. इथे मोजकीच मराठी घरं होती तेव्हा कार्यक्रमाच्या हॉलची किल्ली कुणीतरी सांभाळायला हवी होती, ती ह्यांनी खिशात टाकली, आणि किल्लीमागोमाग अध्यक्षपदही खिशात गेलं असावं. मूळचे नागपूरचे, नोकरी बॉल्सब्रिजच्या कुठल्याशा ऑफिसात, अंगानं भरलेले, आणि दोन्ही हात कायम पाठीमागे बांधलेले. त्या हातांनी त्यांनी मंडळाची एक खुर्चीसुद्धा उचललेली मी पाहिली नाही. "मीच काम करायला लागलो तर मंत्र्यांनी काय करायचं?" असं ते अगदी गंभीरपणे विचारत.

त्यांच्या नेमणुका ऐकून नवा माणूस चक्रावून जाई. ज्याच्या गाडीत बसायचं तर आधी पिझ्झाचे रिकामे खोके बाजूला सारावे लागत, त्याला त्यांनी स्वच्छताखातं दिलं. कुणी हरकत घेतली तर म्हणाले, "गाडी पाहिली ना त्याची? स्वच्छतेची गरज त्याच्याइतकी कोणाला आहे?" चार माणसांत तोंड न उघडणारी एक विद्यार्थिनी होती, ती सूत्रसंचालनमंत्री झाली. पहिल्या कार्यक्रमात ती माइकसमोर इतका वेळ गप्प उभी राहिली, की कुणाला तरी श्रद्धांजली वाहायची आहे असं समजून मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी तिच्या हातून माइक काढून घ्यायला दोन मंत्री लागले. लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेले कोल्हापूरचे एक आजोबा दिवसभर खिडकीशी उभे राहून इथल्या पावसाला नावं ठेवायचे, "ह्यो काय पाऊस म्हनायचा? नुसता शिंपडतोय." अध्यक्षांनी त्यांना हवामानखातं देऊन टाकलं. त्यानंतर आजोबा रोज सकाळी फोन करून अध्यक्षांना अंदाज कळवू लागले. अंदाज रोज तोच असे, पण अध्यक्ष तो छत्री हातात घेऊन, उभ्यानं ऐकत.

शपथविधी त्यांच्या स्वयंपाकघरात व्हायचा. टॅलाच्या हॉस्पिटलात नर्स असलेल्या वहिनी ड्यूटीवरून आलेल्या असायच्या, त्या चहा टाकायच्या आणि म्हणायच्या, "नवीन मंत्री, त्या प्रेसमधून कप काढा जरा." इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे प्रत्येक मंत्र्याला पदग्रहणाच्या दिवशीच कळायचं. एकदा त्यांच्या मुलीनं ऐन शपथेच्या वेळी जिन्यावरून सांगितलं, "बाबा, यू कान्ट हॅव अ मिनिस्टर फॉर चप्पल्स." अध्यक्ष म्हणाले, "काहून नाही? मागच्या दिवाळीला तीन माणसं दुसऱ्याचे जोडे घालून घरी गेली."

मी पुण्यातली शाळेची नोकरी सोडून नवऱ्यामागोमाग इथे आले तेव्हा पहिले काही आठवडे दाराची बेल वाजली तरी उठत नव्हते. माणसांशी बोलायचंच सुटलं होतं. एका शनिवारी अध्यक्ष आले, सोफ्यावर बसले, माझ्याकडे नीट बघितलं आणि नवऱ्याला म्हणाले, "ह्यांना स्वागतखातं देतो." नव्यानं आलेल्या प्रत्येक घरी फोन करायचा, एवढंच काम. पहिला फोन मी कसाबसा केला. पलीकडून एक मुलगी "मराठीत बोलताय?" असं म्हणून रडायला लागली, आणि तिला समजावता समजावता माझा चहा गार झाला. त्या दिवसापासून बेल वाजली की मी उठते.

आणि मग शिरीषचं प्रकरण झालं. शिरीष चांगला शिकलेला, अबोल, नाकासमोर चालणारा इंजिनिअर. गणपतीच्या जेवणाचं खातं अध्यक्षांनी त्याला दिलं तेव्हा सगळं मंत्रिमंडळ हादरलं. त्याला धड मॅगी करता येत नाही हे त्याच्या बायकोनंच सर्वांना सांगितलेलं होतं. आम्ही समजावलं, विनवलं, रुसलो. अध्यक्ष हलले नाहीत. "शिकेल. सगळं ग्रँड होईल," एवढंच म्हणत राहिले.

ग्रँड काही झालं नाही. आरती रंगात आली असताना आतून मसालेभाताचा धूर आला, हॉलची धोक्याची घंटा वाजायला लागली आणि सगळी मंडळी लहान मुलांसकट, नऊवारी आणि कुर्त्यांत, बाहेर पार्किंगमध्ये रिमझिम पावसात उभी राहिली. आत गणपती एकटा. परत आत गेल्यावर भाताचा वरचा थर कसाबसा वाढला गेला, तोही अर्ध्यांनाच पुरला. शिरीष मोठ्या पातेल्यामागे उभा होता. कुणाकडे बघत नव्हता.

पुढच्या रविवारी अध्यक्षांच्या घरी बैठक झाली. शिरीष आलेला नव्हता. त्याला काढा, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं.

"त्याला नेमलं कोणी?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही," स्वच्छतामंत्री म्हणाले.

"मग चूक माझी. त्याला काढणार नाही. राजीनामा मी देतो."

असा राजीनामा दिला की लोक नाही नाही म्हणतात, अशी आपल्याकडची रीत आहे. बहुधा त्यांनीही तेच धरलं होतं. पण इथे कुणीतरी हळूच म्हणालं, "ठीक आहे. तसंही आता निवडणूक व्हायला हवीच होती." अध्यक्षांनी एकदा वहिनींकडे बघितलं, खिशातून किल्ली काढली आणि चहाच्या ट्रेवर ठेवली.

नवी कार्यकारिणी आली. तिची प्रमुख तरुण, हुशार, कामाला वाघ. कार्यक्रम वेळेवर सुरू व्हायला लागले. तक्रारीला जागा राहिली नाही.

त्या हिवाळ्यात शिरीष आमच्याकडे निरोप घ्यायला आला. त्याला कॉर्कला नोकरी लागली होती. चहा पिता पिता तो म्हणाला, "ताई, माझी आधीची नोकरी वसंतातच गेली होती. घरी सांगायचा धीर होत नव्हता. रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघायचो आणि लुआसच्या ट्राममध्ये ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून राहायचो. एकदा भर दुपारी अध्यक्ष चढले. शेजारी बसले. नोकरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, 'तुला दिवसा वेळ असतो का?' मी हो म्हणालो. 'मग भोजनखातं तुझं.' नंतर रोज फोन, कांदा कुठे मिळेल, पातेली कुणाकडे आहेत. मंत्री झालो हे बायकोला सांगताना बाकीचंही सगळं सांगून टाकलं. तोपर्यंत तोंडातून शब्द निघत नव्हता."

मी दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, "बैठकीत का नाही सांगितलंत? कुणीही तुमचा राजीनामा घेतला नसता."

"मंत्र्याच्या घरातल्या गोष्टी बैठकीत नसतात काढायच्या," ते म्हणाले. आणि वर, "भात वरून चांगला झाला होता तसा."

यंदाच्या गणपतीला ते साध्या सभासदासारखे आले. वहिनी ड्यूटीवर होत्या. भिंतीशी उभे राहिले, पण हात पाठीमागे नव्हते. ते कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखे कधी खिशात जात होते, कधी समोर येत होते. मला ते बघवेना. वाढायला माणसं पुरेशी होती, तरी मी जाऊन वरणाचा डाव त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदा धरावा तसा धरला. पहिल्या तिघांच्या भाताऐवजी जिलबीवर वरण पडलं. मग रांगच पुढे सरकेना. प्रत्येक जण "काय अध्यक्ष, कसे आहात?" म्हणून थांबत होता आणि ते डाव हवेत धरून प्रत्येकाच्या आईची, व्हिसाची, मुलाच्या शाळेची चौकशी करत होते. नवी प्रमुख घड्याळ बघत माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, रांग अडली आहे. डाव दुसऱ्या कुणाकडे देऊ या का?"

मी म्हटलं, "असू दे. थोडं गार वरणही चांगलं लागतं."