पाठीतली सुई

माझी मुलगी जन्मली तेव्हा रडली नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. का रडली नाही, याचं एक खोटं कारण मात्र घरात वर्षानुवर्षं चालत राहिलं. मी ते चालू दिलं.

आम्ही अड्याळकडची मागावरची माणसं. कोसा रेशीम माझ्यापेक्षा बायको सफाईनं विणायची. तिचं सिझर करायचं ठरलं तेव्हा मागावर अर्धं लुगडं तसंच होतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पाठीत सुई देऊ. कमरेखाली बधिर होईल, त्या जाग्या राहतील. पूर्ण बेशुद्ध केलं तर ते औषध थोडं बाळातही उतरतं. बाळ सुस्त निघू शकतं, श्वास उशिरा घेऊ शकतं. घाई असती तर तेच केलं असतं, पण आता वेळ आहे. घरात बोलून घ्या."

आमच्या गल्लीत एका बाईनं अशी सुई घेतली होती आणि त्यानंतर तिला मागावर अर्धा तास बसवत नव्हतं. सगळे सुईलाच दोष देत. माझ्या डोळ्यांपुढे तीच बाई आली. बाळाचं ऐकलं, पण विचार केला तो कमरेचा. कमरेचा म्हणजे मागाचा.

आत जाऊन बायकोला म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, पूर्ण भूलच बरी."

ती म्हणाली, "मले तं पोराचं रडणं आयकाचं होतं. पण डॉक्टर म्हणतात तं ठीक आहे."

बाहेर येऊन डॉक्टरांना म्हटलं, "ती सुईले लय घाबरते. बेशुद्धच करा." त्यांनी आत जाऊन तिला विचारलं. तिनं होकाराची मान हलवली. दोन्हीकडचं खोटं असं जुळून गेलं.

दार किलकिलं होतं. निळसर, लुळं पोर मी पाहिलं. डॉक्टर तोंडावर मास्क धरून रबरी फुगा दाबत होते. रडणं आलं ते फार उशिरा, आणि तेही बारीक. पोर दुसऱ्या दिवसापर्यंत काचेच्या पेटीत होती.

घरी आल्यावर माझ्या आईनं कारण शोधलं. सुनेनं ग्रहणात वांगी चिरली होती. पोरीला बोलायला उशीर झाला, की ग्रहण. गणितात नापास झाली, की ग्रहण. बायको खाली मान घालून ऐकायची. मी तिथंच मागावर बसून धोटा टाकत असायचो.

यंदा तीच मुलगी शहापूरच्या सासरहून बाळंतपणाला आली. बाळ पोटात आडवं होतं, सिझरची तारीख मिळाली होती. दुपारी अंगणात तांदूळ निवडता निवडता बायको तिला सांगत होती, "पाठीत सुई नोको घेऊ बाई. माह्याकडे पाह्य, मले पूर्ण भूल देल्ली. आजही दिवसभर मागावर बसतो."

"आई, मी कुठं माग चालवते व? मी तं शाळेत फळ्यासमोर उभी राहते."

"उभं राहाले काय कंबर लागत नाही? मोठी मास्तरीण!"

दोघी हसल्या. तेव्हाच मला कळलं, की माझं खोटं आता पुढच्या बाळापर्यंत जाऊन राहिलंय. मी बोललो. डॉक्टर काय म्हणाले होते, मी आत काय सांगितलं, बाहेर काय सांगितलं, सगळं.

बायकोचा हात सुपात थांबला. "मंग ग्रहण?"

"ग्रहणाचं काहीच नव्हतं. मले तवाच ठाऊक होतं."

"तुमची माय मरेपर्यंत मले बोलली. तुम्ही त्याच खोलीत होते." तिनं सूप उचललं आणि आत गेली.

मुलगी म्हणाली, "बाबा, मले त्यानं काही झालं काय?"

पुढच्या तपासणीला मी दोघींना घेऊन गेलो आणि तोच प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टर बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "बहुतेक बाळांची सुस्ती थोड्या वेळात उतरते. उशिरा बोलणं, गणित, हे भुलीच्या माथी मारू नका. ती भुलीमुळेच रडली नाही, हेही आज कोणी छातीठोक सांगणार नाही." कंबर आयुष्यभर दुखते ती सुईनं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी सुटलो नाही. औषधानं काय केलं ते डॉक्टर सांगतील, मी काय केलं ते मला ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं भुलीच्या संमतीचा कागद पुढे केला. जावई माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "तिलेच विचारा. सहीही तिचीच घ्या." मुलीनं पाठीतली सुई निवडली.

बायको दाराशी उभी राहिली, माझ्यापासून लांब. त्या दुपारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. थोड्या वेळानं आतून रडणं आलं, खणखणीत, सगळ्या व्हरांड्यात ऐकू जाईल असं.

"असं असते तं पोराचं रडणं," ती म्हणाली. मला नाही, दाराला.

बारशाला माझ्या बहिणी येतील. कोणीतरी ग्रहण काढेलच. या वेळी बायकोला मान खाली घालू देणार नाही. आधी मीच बोलणार आहे, सगळ्यांसमोर, पाळणा हलायच्या आधी.