औंधला नेलेलं गाणं

कोलकात्याहून निघताना रोझीबाईंनी ग्रामोफोनची तबकडी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाई आमच्या गलाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर (गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करणं) राहतात. आठवीत शाळा सोडून मी विट्याहून इथं आलो, तेव्हा इंग्रजी अक्षरं त्यांनीच लावायला शिकवली.

त्यांचे वडील हॉटेलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. जॅझ नुकतं स्विंगच्या तालावर डोलायला लागलं होतं, त्या काळातलं तबकडीवरचं हे प्रेमाचं गाणं तेही वाजवायचे. त्यावरच बाईंच्या आईवडिलांचं लग्न जमलं. आता बाईंचा ग्रामोफोन मोडलाय आणि कानही जायला लागलेत. इथल्या एका दुरुस्तीवाल्यानं तबकडी विकतच मागितली, म्हणून त्यांचा कुणावर भरवसा नाही. "एकदा ऐकव," त्या हिंदीत म्हणाल्या. औंधला ओळखीच्या आप्पांकडे चावीचा ग्रामोफोन आहे, मोबाइलवर भरून आणतो, असं मीच मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो.

रेल्वेत ती मांडीवरच होती. झोप अशी लागलीच नाही. कोरेगावला उतरून औंधची एसटी धरली.

"पाव्हणं, वर ठेवा की ती पिशवी," कंडक्टर म्हणाला.

"न्हाई, फुटंल."

"मग बायकोला धरल्यागत धरा. म्होरं लय खड्डं हायती."

ऊस मागं पडला, माळ लागला. मेंढरं रस्त्यावर आली की गाडी थांबायची आणि मी तबकडी चाचपायचो.

औंधच्या स्टँडवर सुनंदा, माझी बायको, विट्याहून येऊन थांबली होती. यमाईच्या पायऱ्या चढलो, दर्शन घेतलं. खाली येऊन भाकरी आणि वाघ्या घेवड्याची (पट्ट्यापट्ट्यांचा राजमा) आमटी खाल्ली. पाच महिन्यांनी भेटत होतो, तरी माझं अर्धं लक्ष पिशवीत.

मग आप्पांच्या दुकानी गेलो; ते हार्मोनियम दुरुस्त करतात. ते आत चहा सांगायला गेले. तबकडीवर काजळी होती. आमच्या धंद्यात हातात आलेली वस्तू आधी पुसायची, मग बोलायचं. बाकावर स्पिरिटची बाटली होती. फडकं भिजवलं आणि कडेकडेनं फिरवलं.

फडकं काळं झालं, आणि ओळखीचा वास आला. लाख. पोकळ दागिन्यातली लाख मी रोज जाळतो, तरी वास येईपर्यंत कळलं नाही.

"आरं गड्या, लाखंचीच असत्यात ह्या," आप्पा दारातून म्हणाले. "स्पिरिटात लाख इरघळवूनच मी पेट्यांना पॉलिश करतो. थांब, हात लावू नगंस."

बोटभर कड गेली होती. गाण्याची सुरुवात त्या कडेवरच असते. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, आप्पांनी सुई आत, चांगल्या जागी टेकवली. थोडी वाद्यं वाजली आणि लगेच गाणारा सुरू झाला, कानाशी बोलल्यासारखा.

"काय म्हनतोय?" सुनंदानं विचारलं.

"तू नसलीस की संध्याकाळ लांबते, असं कायतरी."

"मग फोन करायचा की," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मी फोन करतो रविवारी, आणि 'जेवलीस का' याच्यापुढं जात नाही.

विट्यात चार दिवस राहिलो. कोलकात्याला परत आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधीच बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विरघळलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही सुरुवात म्हणजे बाबांचा भाग," त्या म्हणाल्या. "क्लॅरिनेट वाजवून झालं की ते खाली ठेवायचे आणि आईकडे यायचे. गाणारा तेव्हा सुरू व्हायचा. बाबांचं मला पाठ आहे. आईचं ऐकव."

त्यांनी डोळे मिटून सुरुवात स्वतःच गुणगुणली. बोटानं खूण केली, तसा मी मोबाइल लावला. त्यांनी तो कानाला लावून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच त्यात सुनंदाचा आवाज आला.

"ही कोण? काय म्हणते?"

सांगितलं. बाईंनी मोबाइल माझ्या हातात दिला. त्या दिवशी मंगळवार होता, तरी मी विट्याला फोन लावला.

"आवं, काय झालं?" सुनंदानं घाबरून विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणालो. "संध्याकाळ झाली."