व्हर्नरचं लोखंड

जहाजांचा कारखाना बंद पडला आणि माझा नवरा घरी आला. घरी आला म्हणजे काय, त्याने स्वयंपाकघरातच मुक्काम ठोकला. सकाळची कॉफी झाली की खिडकीपाशच्या खुर्चीत बसायचा, तो थेट जेवणापर्यंत. हाताच्या अंतरावर शेगडीवर किटली बोंबलत असायची, पण हा पठ्ठ्या ती उतरवेल तर शपथ! मी कपडे वाळत टाकायचे सोडून अंगणातून धावत यायचे आणि तोंडाचा पट्टा सुरू करायचे. हा शांतपणे विचारायचा, "काय म्हणालीस? तू हल्ली फार पुटपुटतेस, आस्ता."

पुटपुटते! चर्चमध्ये मी गायला लागले की पाद्रीबाबा मान वर करून बघतात.

शेवटी मीच त्याला धातू शोधायचं यंत्र घेऊन दिलं. जुनंच होतं, जवळच्या मारिबो गावातल्या एका म्हाताऱ्याचं. लांब दांडा, खाली थाळीएवढी चकती, बाकी पडदाबिडदा काही नाही, सगळा कारभार आवाजावर. म्हाताऱ्याने व्हर्नरला समजावलं, "लोखंड असलं की हे खालच्या आवाजात गुरगुरतं. ते सोडून द्यायचं. चांदी नाहीतर तांबं असलं की बारीक वाजतं. तिथे खणायचं."

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने, प्रेबेनने, बीट काढून झाल्यावर आपलं शेत मोकळं दिलं. खणलेला खड्डा बुजवायचा, एवढीच त्याची अट. व्हर्नर खड्डा असा बुजवायचा की पुन्हा खुद्द त्यालाही जागा सापडू नये. डब्यात काळ्या पावावर कलेजीचा लेप, कानांवर हेडफोन, पायांत गमबूट. संध्याकाळी चिखलाने माखून आला की चेहऱ्यावर रंग असायचा. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, घर रिकामं मिळतं म्हणूनही बरं वाटायचं.

पण तो आणायचा काय? लोखंड. नांगराचे तुकडे, घोड्याचे नाल, खिळे, साखळीच्या कड्या.

"म्हाताऱ्याने लोखंड सोडायला सांगितलं होतं ना?" मी विचारलं.

"दुसरं काही वाजतच नाही, तर काय खणू? आणि लोखंड काय वाईट? जन्मभर त्याच्यावर हातोडा मारला, त्यानेच पोसलं आपल्याला."

या नादाची मंडळी दर महिन्याला गावच्या सभागृहात जमायची. टेबलावर कुणी जुनी नाणी मांडायचं, कुणी झग्याला लावायची तांब्याची पिन. म्युझियमची बाई येऊन त्यातलं काय सरकारजमा करायचं ते बघायची. व्हर्नरची पिशवी उघडली की हशा पिकायचा.

"काय रे व्हर्नर, पुन्हा जहाज बांधायला घेतलंस की काय?"

प्रेबेन म्हणायचा, "हसू नका त्याला. याच्यामुळे माझ्या ट्रॅक्टरचे टायर वाचतात."

व्हर्नरही हसायचा. परतीच्या वाटेवर मात्र पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचा, माझ्या नजरेआड.

दुसऱ्या वर्षीचं बीट निघालं आणि एका सकाळी तो म्हणाला, "आज शेवटचं जातो. उद्या यंत्र मारिबोला परत. आपल्याला नाही जमत ते." मला त्या खिडकीपाशच्या खुर्चीची धास्तीच वाटली. ती खुर्ची त्याला गिळून टाकणार, असं वाटलं.

दुपारी मी थर्मासमध्ये कॉफी घेऊन शेतावर गेले. त्या दिवशी हेडफोनची वायर तुटलेली, म्हणून यंत्र मोकळ्या हवेत वाजत होतं. बांधावर उभी राहून मी पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला. गुर्र झालं की व्हर्नर थांबायचा, वाकायचा, खिळा काढायचा. मग पुन्हा चालणं.

आणि मग ते बारीक वाजलं. स्वच्छ, लांबपर्यंत जाईल असं. व्हर्नर तसाच पुढे गेला.

"व्हर्नर! अरे, थांब!"

तो चालतच राहिला. मी चिखलातून गेले आणि त्याची बाही धरली. "मागे चल. इथे वाजलं."

"कुठे काय वाजलं? तुझे कान वाजतायत."

मी त्याच्या हातातला दांडा धरून चकती पुन्हा त्या जागेवरून फिरवली. यंत्र वाजलं. मी यंत्राकडे बघत नव्हते, त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्या तोंडावर काहीच नव्हतं.

"व्हर्नर, हे वाजतंय. तुला ऐकू येत नाहीये."

"मला सगळं ऐकू येतं! तूच पुटपुटतेस."

"मग खण आणि मला खोटं पाड."

मला खोटं पाडायला तो गुडघ्यावर बसला. चार-पाच वेळा माती उपसली आणि थांबला. त्याच्या काळ्या पडलेल्या बोटांत नखाएवढं, पातळ चांदीचं नाणं होतं. कुठल्या राजाचं कोण जाणे. ते म्युझियमला जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी तळहातावरून ते खाली ठेवायला तो तयार होईना.

मग त्याने मान वळवून सबंध शेताकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथे जिथे तो चालला होता तिथे तिथे पाहिलं. मला रडू फुटलं. तो रडला नाही. खड्डा बुजवला, पायाने नीट दाबला आणि दांडा माझ्या हातात दिला.

"तू ऐक. मी खणतो," तो म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "कसा असतो गं तो आवाज?"

"आपल्या किटलीसारखा," मी म्हणाले. "पाणी उकळलं की शिट्टी घालते ना, अगदी तसा."

व्हर्नर थांबला.

"आपली किटली शिट्टी घालते?"

"हो," मी म्हणाले. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.