चाळलेली माती

मातीमामा हे नाव आधी भाच्यांनी पाडलं, मग लॅबमध्येही तेच चिकटलं. मातीतून पाणी कसं सरकतं ते मोजण्यात या माणसाचा जन्म गेला. चिंब माती पाणी भराभर सोडते, त्यात काही कौतुक नाही. खरा छळ अर्धवट ओल्या मातीचा. चिक्कू माणसाने खिशात हात घालावा तशी ती पाणी सोडते. मामा माती वाळवायचा, चाळायचा, काड्या-मुळं वेचून टाकायचा, नळकांड्यात थर देत ठोकून भरायचा, भिजवायचा आणि मग वजनं घेत बसायचा. त्या आकड्यांवरून लॅबच्या मॅडम अंदाज काढायच्या, की इतक्या खोलवर पाणी पोचायला किती वर्षं लागतील. घायकुत्या माणसाचं हे काम नव्हे. मामाचं लग्नही म्हणूनच लांबलं, असं त्याची थोरली बहीण, ताई, सगळ्यांना सांगत फिरायची.

आई गेल्यावर या ताईनेच त्याला वाढवलं होतं. तिचं घर एका उताराच्या पायथ्याशी होतं, परसात पिण्याच्या पाण्याची विहीर. त्या उतारावर कारखान्याचा गाळ टाकायला खड्डा खणायचं ठरलं आणि तिथली माती तपासायला नेमकी मामाच्याच लॅबमध्ये आली. मामाने जीव ओतून काम केलं.

त्यात एक नमुना न चाळलेला, जमिनीतून जसाच्या तसा कापून आणलेला होता. त्यावर पाणी ओतलं, तर ते मुरायच्या आत खालच्या भांड्यात हजर. मामाने नीट पाहिलं, मातीत जुन्या मुळांची भोकं होती. वाटेत हिसके बसून नमुना बिघडलाय, असं त्याने मॅडमना सांगितलं आणि त्यांनीही मान डोलावली. बिघडलेला नमुना फेकून द्यायचा, ही तिथली पद्धतच होती. चाळलेल्या मातीचे आकडे मात्र शहाण्या मुलांसारखे रांगेत बसले. पाणी विहिरीपर्यंत उतरायला कित्येक पिढ्या जातील, असं निघालं आणि खड्ड्यात गाळ पडू लागला.

ताईने विचारलं, विहिरीचं पाणी प्यायचं ना?

"खुशाल पी," तो म्हणाला. "तुझ्या नातवंडांना नातवंडं होईपर्यंत काही पोचत नाही."

उतारावर दाट झाडी होती. गाळाचं पाणी मातीच्या कणाकणाची मनधरणी करत बसलं नाही, कुजलेल्या मुळांच्या भोकांतून सरळ खाली गेलं. हे मामाच्या डोक्यात शिरलं तेव्हा विहिरीला वास सुटून बरेच महिने झाले होते आणि ताईच्या किडन्या गेल्या होत्या. एकट्या ताईच्याच का, हे कोडं त्याला हॉस्पिटलात तिनेच उलगडून सांगितलं.

"बाकीच्यांसाठी टँकरचं पाणी यायचं. मी विहिरीचंच पीत राहिले. हे म्हणायचे, पाणी कडवट लागतंय, तुझ्या भावाचं मोजणं काही खरं नाही. मी म्हटलं, त्याने स्वतःच्या हाताने मोजलंय, तुमचीच जीभ बिघडलीये."

मामाला हुंदका आवरेना. खरं सांगणारा एकच नमुना होता आणि तोच आपण फेकला, हे त्याने तिला सांगून टाकलं.

"घरात कुणाला बोलू नकोस हे," ती म्हणाली. "मी सगळ्यांशी भांडलेय रे तुझ्यासाठी."

विहीर तोवर बंद झाली होती. मामाने मॅडमना सगळं सांगितलं, वरच्या ऑफिसला कळवलं. त्या घरात मात्र तो गप्प राहिला. ताई गेली त्या दिवशी भाऊजी, तिचा नवरा, त्याच्याजवळ येऊन बसले. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"शेवटपर्यंत म्हणत होती, माझा भाऊ चुकणार नाही. मीच तिला टोचून बोलायचो. मला माफ कर."

मामाने त्यांचा हात हातात घेतला.